गडर लाइन आणि कुकरचं बटन

११ जानेवारी

गडर पुन्हा तुंबली. या महिन्यात दुसऱ्यांदा. घाण पाणी संडासातून उलटं वर येऊन राहिलं अन् झोन ऑफिसातला बाबू म्हणते, "मॅडम, सध्या आचारसंहिता आहे." घाणीले कोणती आचारसंहिता? चार वर्षं म्हणे नगरसेवकच नाही, कोणाले सांगता. आता निवडणूक आली तं हे! गडरचं पाणी नळात मिसळते. माह्या सोनिकाले त्यानंच कावीळ झाली. पोरगी महिनाभर शाळेत गेली नाही.

म्हणून शामलाताई उभी आहे. आमच्याच गल्लीतली, ब्लाउज शिवते, अपक्ष. चिन्ह कुकर. ती निवडून आली तं नवीन लाइन पडते. नाही तं आणखी पाच वर्षं हेच हुंगत बसा.

१३ जानेवारी

आज बायाईले मतदान शिकवलं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर बटनं काढली. आपल्या प्रभागात चार नगरसेवक, म्हणून एका माणसाले चार मतं. बाया गोंधळतात. मी सरळ सांगून टाकलं — "कुकर पाहा, दाबा अन् बाहेर या. बाकीच्या तीन जागांवर उभे आहेत त्याईनं आपलं काय केलं? त्याईले काहून मत द्यायचं?"

भीमाबाई ऐंशीच्या वर आहेत. त्याईनं तीनदा दाबून दाखवलं — "बराबर हाय न, प्रीती?" "अन् आतमध्ये कोणी काही शिकवलं तं अजिबात ऐकायचं नाही," मी बजावलं. आतले लोक भलतंच बटन दाखवतात असं ऐकलं आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

समोरच्या फ्लॅट स्कीमीत मतदारांच्या स्लिपा वाटायले गेली. निम्म्यांनी दारच उघडलं नाही. एक जण हाफ चड्डीवर बाहेर आला — "उद्या सुट्टी आहे ताई, आम्ही पेंचले वाघ पाहायले चाललो. कॉर्पोरेशनच्या इलेक्शनले काय जायचं? मोठं इलेक्शन असतं तं गोष्ट वेगळी."

याचा संडास तुंबला तं दिल्लीहून माणूस येणार आहे काय? शिकलेले लोक म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली. स्लिप त्याच्या दारात टाकून आली.

१५ जानेवारी

मतदानाचा दिवस.

अर्धं गाव गच्चीवर. ओ काट, ओ काट! मांजा गुंडाळायले वेळ आहे, शाळेतल्या बूथपर्यंत चालायले नाही. आमच्या बाया मात्र आठलेच रांगेत होत्या. अन् रांग हालतच नव्हती! एक बाई आत गेली की दहा-दहा मिनिटं बाहेर नाही. आतून नुसता वाद ऐकू ये. आमचा एजंट आत नव्हता, फॉर्म उशिरा भरला म्हणून बसू दिला नाही. मी बाहेर टेबलावर अडकलेली.

बूथवरची अधिकारी मॅडम कोणत्यातरी शाळेची मास्तरीण होती. ती दारापर्यंत येऊन भीमाबाईवर ओरडली. ऐंशी वर्षाच्या बाईवर! मी तिथूनच तिले चार शब्द ऐकवले.

अकराले ऊन चढलं अन् बाया घरी जाऊ लागल्या. माही जाऊ मिनल पण निघाली. "भाजी टाकून येतो वं," म्हणे. आलीच नाही. चारले तिच्या दारात जाऊन सगळ्यांसमोर बोलली — "घाण पाणी तुह्या घरात नाही येत काय? लाज आहे का थोडी?" ती रडली. रडू दे.

१६ जानेवारी

पडलो. एकोणसाठ मतांनी. आमच्या बूथवर हजारातले चारशेही आले नाहीत.

शामलाताई मशीनवर बसून ब्लाउजले काजं करत होती.

१७ जानेवारी

निवडणूक ऑफिसात अर्ज दिला. त्या मास्तरणीनं मुद्दाम रांग अडवली, म्हाताऱ्या बायाईले त्रास दिला, म्हणून लोक परत गेले. छप्पन सह्या. मिनल सही करायले आली होती. मी कागद तिच्या हाती दिला नाही.

२० जानेवारी

त्या मॅडमले नोटीस निघाली! चौकशी आहे. नोकरीवरही येऊ शकते म्हणतात. बरं झालं. कोणाले तरी भोगू दे.

२१ जानेवारी

भीमाबाई आल्या होत्या. नोटिशीचं ऐकून म्हणाल्या, "ते मॅडम लय मागं लागली होती वं. म्हणे आजी, चारही बटनं दाबा, नसन द्यायचं तं नोटा दाबा, त्याबिगर मशीन पुढच्याले चालू होत नाही. मी म्हटलं, आमच्या प्रीतीनं एकच सांगतलं हाय. अन् आली निघून. साऱ्याच बायाईनं तसंच केलं."

उद्या अकराले त्या मॅडमच्या चौकशीची पेशी आहे. अर्जावर पहिली सही माही आहे.