दाढ शाबूत आहे

अहो,

दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तुम्ही म्हणत होतात, उपटून टाक, कटकट मिटेल. पण दाढ शाबूत निघाली. वरच्या दाढांची मुळं सायनसला टेकलेली असतात म्हणे. सर्दी तिथे तुंबली, की कळ दाढेत येते. म्हणजे आपलं आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी चाललं होतं.

खाली वाकलं की ठणका वाढतो, म्हणून बरं वाटेपर्यंत वाकू नका म्हणाले. मला हसूच आलं. आपल्या घरात न वाकता होणारं काम कुठलं?

तेव्हा थोडे दिवस ताईकडे राहते. बाबांचे पाय रोज कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या मधेही पुसा. त्यासाठी खाली बसावं लागतं.

तुमचा सकाळचा ओला टॉवेल जमिनीवर आहे, टाकलात तिथेच.