किल्ली खिशात

प्रिय दादा,

मला मेकॅनिकची नोकरी मिळाली. परीक्षेत खोदाईच्या मशीनचा गळका पाइप बदलायचा होता. माझ्या आधीचे दोघे थेट पाने घेऊन भिडले. मी आधी किल्ली काढून खिशात टाकली, मगच हात आत घातला.

फोरमन म्हणाले, “बाई, किल्ली कशाला काढली?”

“कुणी चुकून चालू केलं तर?”

“हे शिकवलं कुणी?”

“दादाने. त्याची तीन बोटं गेल्यावर.”

“सोमवारपासून या,” ते म्हणाले.

हे काम करू नकोस म्हणाला होतास, म्हणून पत्र टाकत नाही. पण आनंदाच्या भरात किल्ली खिशातच घरी आली रे! उद्या ओरडा खाईन. आज मात्र ते मशीन कुणालाच चालू करता येणार नाही. इतकं सुरक्षित मशीन तूही पाहिलं नसशील.

तुझीच,
चिमणी