काळी एक

किन्हवली,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मुकेश,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकशील. तुझा नंबर आहे माझ्याकडे, पण फोनवर तू "कोण?" विचारलंस तर मला पुढे बोलता यायचं नाय. शहापूरला थंडी कशी आहे? इकडे आम्ही बरे आहोत. आम्ही म्हणजे मी. वंदना जाऊन दोन वर्षं झाली, तुला कळलं असेलच. पौर्णिमा मुरबाडला सासरी आहे, बरी आहे.

कपाट आवरताना आपली 'डांबरी' कॅसेट सापडली. सत्त्याण्णव सालची, सहा गाणी, गाणारा तू एकटा, टेपवर भरणारा मी. आता ती कुणाला आठवत नाही. वही घेऊन बसलो आणि ऐकत नीट तपासली. पहिल्या गाण्यात गिटारची चौथी तार उतरलेली. साईनाथचा ड्रम सगळीकडे एकाच जोमात, हळदीला वाजवल्यासारखा. तिसऱ्यात शब्द माझे. यमकासाठी 'चांदणं' दोनदा आणलंय, आज आणलं नसतं. पाचवं, तू बांधलेलं 'शेणव्याची वाट', त्याची चाल मात्र आजही कुठल्याही नव्या गाण्याशेजारी ठेवावी अशी. फक्त आवाज पातळ, आणि घाई.

तेव्हाही मी हेच बोललो होतो. नाक्यावर, सगळ्यांसमोर. "आमचा गायक घाईत असतो, त्यात आवाज बायकी." पोरं तुला मुकेशबाई म्हणायला लागली. तू आधी गाणं सोडलंस, मग गाव.

वंदना म्हणायची, "मशीन तुमची, कान तुमचे, आनि चूक तेवढी भावजींची. बरा न्याय हाय." मी म्हणायचो, तुला सुरातलं काय कळतं.

आता ऐक. कीबोर्ड मिळाला नाही म्हणून आपण विहारातली पेटी वापरली होती. पाचव्या गाण्याच्या सुरुवातीला तिचा एकच सूर लांब धरलेला आहे, काळी एक. परवा विहारात गेलो. तीच पेटी. काळी एक दाबली आणि शेजारी कॅसेट लावली. कॅसेटमधली पेटी काळी दोनवर बोलते, म्हणजे वरच्या सुरात.

पेटी घाई करत नाही, मुकेश.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी टेपच्या मोटरचा पट्टा तुटला होता. नवा आणायला मुरबाडला जायला हवं होतं. मी सायकलच्या ट्यूबची रिंग कापून बसवली आणि कुणाला बोललो नाही. ती ढिली होती. भरताना टेप हळू फिरली, म्हणून कल्याणच्या दुकानात काढलेल्या प्रती धावत सुटल्या आणि तुझा आवाज चढला.

हे परवाच कळलं, असं लिहिणार होतो. तसं नाही. प्रती आल्या त्याच आठवड्यात मी टेप उघडून पट्टा पाहिला होता. गुपचूप बदलला. नाक्यावरचं बोलणं तेवढं बदललं नाही. परवा विहारात गेलो तो मी चुकलो नव्हतो असं निघावं म्हणून.

मोटरचा स्क्रू पिळून वेग उतरवला, पेटी काळी एकवर आणली. तुझा आवाज भरदार आहे. घाई कुठेच नाही. शेवटच्या ओळीआधी श्वास घेतोस, तोसुद्धा जागेवर. ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं. वंदनाला ऐकवायचा राहिला.

नव्या कॅसेटवर उतरवून सोबत पाठवतोय. टेप नसेल तर माझी घेऊन येईन, बोलावलंस तर. नाक्यावरही सांगेन, तेव्हाचे जे उरलेत त्यांना.

कव्हरवर मी मोठ्या अक्षरात छापून घेतलं होतं, 'ध्वनिमुद्रण: रत्नदीप'. ते खोडलंय.

तुझा,
ट्यूब कापणारा रत्नदीप