कौसल्याच्या गाण्यांची डिस्क

९ सप्टें., मंगळ.
अकोल्याहून परत यायला दुपार झाली. डॉ.नी कौ.ला पाणी, ताट, गाय अशी चित्रं दाखवली. सगळ्यांना एकच शब्द, ‘थे’. लकव्याला पाच महिने झाले, उजवा हात थोडा वळतो, पण जीभ तिथंच अडली आहे.
डॉ. म्हणाले, ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधी कधी गाता येतं. आयुष्यभर म्हटलेलं काही आहे का? मी म्हटलं, भुलाबाईची गाणी. गल्लीत पहिला आवाज हिचाच असायचा. ते म्हणाले, तिच्याच आवाजात असेल तर ऐकवा.
बसमध्ये मंगरूळपीर येईपर्यंत आठवत होतो. मीनाच्या लग्नाआधीच्या कोजागिरीला व्हिडिओवाला आणला होता. डिस्क असलीच पाहिजे.

१० सप्टें.
लोखंडी पेटीत, मीनाच्या बारावीच्या कागदांखाली सापडली. वर स्केचपेननं मीनाचं अक्षर, ‘आईची भुलाबाई’.
लावायची कशावर? टीव्हीखालचा प्लेअर कधीच भंगारात गेला. गल्लीतल्या शांताबाईकडे एक जुना आहे, त्यानं ही डिस्क घेतलीच नाही. मीनाला वाशीमला फोन केला. “बाबा, माह्या लॅपटॉपले डिस्कची जागाच नाई. आता कोणाच्याच नसते.”
गल्लीत परवापासून भुलाबाई बसली आहे. संध्याकाळी बायांचा आवाज येतो. कौ. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

१२ सप्टें., शुक्र.
मानोऱ्याला इम्रानच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. भला माणूस, समजेपर्यंत सांगतो.
“काका, नुसतं वाचाचं हाये का लिहाचं बी हाये?”
म्हटलं, कॉपी काढायच्या. एक मीनाला, एक शांताबाईला, एक घरी.
“मंग रायटर घ्या. यूएसबीचा. बाहेरून लॅपटॉपले जोडाचा.”
वहीत उतरवून घेतलं ते असं. R म्हणजे एकदाच लिहिता येते, मग दगडावरची रेघ. RW म्हणजे पुन्हा पुन्हा. दोन्हींत परत प्लस आणि मायनस असे दोन प्रकार, दोन वेगवेगळ्या गटांनी काढलेले. जुने रायटर एकच घेत, आताचे दोन्ही घेतात, खोक्यावर ± लिहिलेलं असतं. कोऱ्या डिस्क मायनस R घ्यायच्या, शांताबाईकडच्या जुन्या प्लेअरला त्या चालतील.
मंगळवारी येईल म्हणाला.

१३ सप्टें.
कौ.ला सांगितलं, तुझी भुलाबाई सापडली. डिस्क हातात दिली. तिनं एकदा पाहिली आणि डाव्या हातानं ढकलून दिली. गोधडीवर पडली. मग रडली.
मला वाटलं, जुने दिवस आठवले असतील. पाठीवरून हात फिरवला. तिनं पाठ आखडून घेतली.

१६ सप्टें., मंगळ.
रायटर आला. मीना रजा टाकून आली. ओट्यावर लॅपटॉप ठेवला, कौ.ला उशीला टेकवून बसवलं, शांताबाईलाही बोलावलं. डिस्क आत गेली, घरघरली, चित्र आलं.
चित्रात मी.
फेटा, शाल, नारळ. गावात वांग्याच्या पिकासाठी सत्कार झाला होता तो. मी माईकवर बोलतोय. बाजारात अडत्यानं माल कसा उचलला, रोपवाटिका कशी केली. कृषी अधिकाऱ्यांचे आभार, बियाणेवाल्याचे आभार, थोरल्या भावाचे आभार. रोपवाटिका हिची होती. रोपं ही लावायची, पाणी ही द्यायची. हिचं नाव नाही. तिसऱ्या रांगेत ही बसलेली दिसते, टाळ्या वाजवताना.
बावीस मिनिटं. मग काळं.
शांताबाई म्हणाली, “अन गानी?” मीना पुढं पुढं करून पाहत राहिली. “बाबा, यात तुमचंच हाये फक्त.”
कौ.नं डोळे मिटून घेतले होते. झोपली नव्हती.

१७ सप्टें.
आठवलं. काल रात्रीच आठवलं होतं, पण लिहवलं नाही.
व्हिडिओवाला सत्काराच्या दिवशी घरी आला होता. म्हणाला, भाऊ, कोरी डिस्क आणायची राहिली, मानोऱ्याला जाऊन येतो. कार्यक्रमाला अर्धा तास होता. मी म्हटलं, “कायले जातं? घरी एक हाये न. पुसून त्यावरच घे. बायांची गानीच हायेत त्यात.”
कौ. त्याला चहा देत होती. कप खाली ठेवून आत गेली.
सोळा वर्षं झाली. एकदाही काही बोलली नाही. आणि आता बोलायचं म्हटलं तरी

१९ सप्टें., शुक्र.
परत इम्रानकडे. खरं ते सांगितलं. मग त्यानं डिस्क मशीनमध्ये घातली, पडद्यावर काहीतरी वाचलं आणि म्हणाला, “काका, नसीब हाये थोडं. प्लस RW हाये.”
मायनस RW असती तर आधी पूर्ण पुसावी लागली असती, मग नवीन. प्लसवर तसं नाही. सरळ वरून लिहिता येते. जेवढं नवं लिहिलं तेवढंच जुनं जाते. मागं उरलेलं दिसत नाही, पण असू शकते.
“म्हणजे तुमचे बावीस मिनटं गेले. त्याच्यामागचं कदाचित असन. एक एक कण वाचाचा प्रोग्राम हाये. पन ओरखडे लय हायेत. मी जबान देत नाई.”
डिस्क ठेवून आलो. त्या व्हिडिओवाल्यानं पुसायचा कंटाळा केला म्हणून ही आशा. मी तर पूस म्हणालोच होतो.

२१ सप्टें., रवि.
शांताबाईकडे गेलो. बायांची गाणी विचारायला आयुष्यात पहिल्यांदा गेलो. नेहमीची सगळी गाणी तिला येतात. पण कौ.नं स्वतः जोडलेलं एक होतं, माहेरच्या वाटेवरचं, ते विचारलं.
“थे तं तीच म्हने. आमी फक्त मांगून ओळ झेलो.”
“मंग झेललेलं सांग.”
तिनं दोन ओळी सांगितल्या, मग अडली. “तुमी रोज घरात ऐकत होते न भाऊ, तुमाले काहून येत नाई?”
मी ओसरीवर असायचो. माणसांत.

२४ सप्टें., बुध.
आज सांगितलं. सकाळी ती अंगणात मेथी निवडत होती. डाव्या हातानं एक एक काडी. समोर बसलो.
म्हटलं, “कौसल्या, थे गानी मीच पुसाले लावले. त्या दिवशी. आठवलं मले.”
ती निवडत राहिली.
“तुले मालूम होतं?”
एक काडी उचलली, ठेवली. मग म्हणाली,
“हाव.”
स्पष्ट. अक्षर न अक्षर. पाच महिन्यांतला पहिला नवा शब्द.
मीनाला फोन करून सांगितलं, आई हाव म्हणाली. ती आनंदानं रडायला लागली. कशावर म्हणाली ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

२८ सप्टें., रवि.
इम्रानचा फोन, या. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. त्यानं मला मागच्या स्टुलावर बसवलं, कानाला हेडफोन लावून दिला.
चार मिनिटं निघाली. चित्र चौकोनांत फुटलेलं, आवाज तुटत तुटत. बायांचे हात, टाळ्या. मग एकदम हिचा आवाज. गाणं नाही. हसणं. “थांबा व, चुकलं माह्यं,” आणि पुन्हा हसली. मोठ्यानं, पार छातीतून. मग सुरू केलं, अर्धी ओळ, आणि सगळं थिजलं.
एवढ्या मोठ्यानं हसायची, हे मी विसरलो होतो. कधी थांबली ते सांगता येत नाही. आठवून आठवून पाहिलं.
इम्राननं माझ्याकडे न पाहता पाण्याचा ग्लास पुढं केला. म्हणाला, “अजून असन याच्यात. माह्या मशीनले वाचता येत नाई. अकोल्याले एक जन हाये, त्याच्यापाशी भारी रायटर हायेत. पन अस्सल डिस्क द्या लागन. घासून वरचे ओरखडे काढन थो. बिघडू बी शकते.”
निघालेली चार मिनिटं मायनस R वर करून दिली. मूळची परत आणली.

१ ऑक्टो., बुध.
मीना आली, ऐकवलं. कौ. पडद्याकडे पाहत होती. टाळ्या आल्या तशी डाव्या हाताची बोटं मांडीवर पडू लागली. हसणं आलं तेव्हा थांबली. अर्धी ओळ तुटली तिथं तिचे ओठ हलले. मीनानं माझा हात घट्ट धरला. ओठ हलत राहिले, पुढच्या ओळीइतका वेळ. आवाज नाही.
पुन्हा लावलं. पुन्हा तसंच.
तिसऱ्यांदा लावलं तर तिनं लॅपटॉपचं झाकण हातानं खाली केलं. माझ्याकडे पाहिलं. राग म्हणावा तर राग नव्हता. परक्या माणसाकडे पाहावं तसं.
मीना म्हणते, बाबा, घाई करू नका.

५ ऑक्टो., रवि.
उद्या कोजागिरी. अकोल्याच्या माणसाचा निरोप आला, आज डिस्क आणून द्या, तो पुढं पंधरा दिवस गावी नाही. अकराच्या गाडीनं जायचं ठरवलं. आंघोळ करून पिशवी घेतली, पेटी उघडली. डिस्क नाही.
कौ.च्या उशीखाली होती. तिनं वर हात ठेवलेला.
म्हटलं, “दे. राह्यलेलं गानं निघते का पाह्यतो.”
हात काढला नाही.
“बिघडन म्हून भेव वाटते का?”
मी हात पुढं केला.
“का मले द्याची नाई?”
ती माझ्याकडे पाहत राहिली. दोन्हीपैकी कशाला हाव म्हणायचं ते तिला कळत होतं, फक्त मला कळू द्यायचं नव्हतं, असं वाटलं. किंवा शब्दच येत नसेल. कसं समजणार.
ओढून घेता आली असती. तिच्या एका हातात जोर तो किती.
खाटेशेजारी खाली बसलो. ती छताकडे पाहत होती. बाहेर अकराची गाडी फाट्यावर थांबली, हॉर्न दिला, गेली. मी तिला विचारलं, ते माहेरच्या वाटेवरचं गाणं कशावरून जोडलं होतंस? आजवर कधी विचारलं नव्हतं. उत्तर येणार नाही हे माहीत होतं. तरी ती उत्तर शोधते आहे असं दिसलं, म्हणून उठलो नाही.