तिकडची घोणस

बाबा,

हे पत्र टाकायचं नाहीये, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

लाकडं काढताना तुम्हाला घोणस चावली. दोन बोटं गेली, पण जीव वाचला. तेव्हापासून तुम्ही येईल त्याला सांगता, "लेकीच्या औषधाने वाचलो." मी इथे सापांचं विष काढते आणि त्यापासूनच ते औषध बनतं, हे खरं. पण आमच्याकडचे सगळे साप इकडच्याच भागातले होते, तुमच्याकडचा एकही नव्हता. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "साप त्याच जातीचा असला तरी तिकडचं विष वेगळं असतं. आपलं औषध तिथे कमी पडतं." म्हणून तुम्हाला इतकं औषध चढवावं लागलं आणि तरी बोटं गेली. हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?

मग मी साहेबांच्या मागेच लागले, तिकडचे साप आणा म्हणून. शेवटी वैतागून त्यांनी परवानगी मिळवली. आज तुमच्याकडची पहिली घोणस आली. तिचं विष मीच काढलं.

सगळे घरी गेले तरी मी तिच्या काचेपाशी बसून राहिले. खोलीवर जाऊन बोलणार तरी कुणाशी? ती माझ्यावर फुत्कारत होती आणि मला मात्र घरचं कुणी आल्यासारखं वाटत होतं. "तिकडे थंडी पडली का गं?" असं तिला विचारलंसुद्धा.

तुम्ही फोनवर नेहमी विचारता, "तिथे आपल्याकडचं कुणी भेटतं का?" मी विषय बदलते. या वेळी विचारलंत, तर भेटलं म्हणून सांगेन.

तुमची,
सापवाली