उघड्या तोंडांपुढे आरमार

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. बायकोला तर नाहीच.

मी दातांचा डॉक्टर झालो तो अपघाताने. आतून मी समुद्रावरचा माणूस. (प्रत्यक्ष होडीत एकदाच बसलोय. ती तळ्यातली होती आणि पायांनी चालवायची होती. पण मुद्दा तो नाही.) कॉलेजात स्कर्वी शिकवली. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सडायच्या, दात गळायचे, आणि लिंबाने ते थांबायचं. बाकीची मुलं परीक्षेपुरतं लिंबू शिकली. मी जहाजात चढलो तो अजून उतरलेलो नाही.

आज गणिताचे रिटायर्ड सर आले होते, रूट कॅनलला. त्यांना ‘वासा’ची गोष्ट सांगितली. स्वीडनच्या राजाची अवाढव्य युद्धनौका. १६२८ साली पहिल्याच सफरीत, बंदरातल्या बंदरात, झुळकीने आडवी झाली आणि बुडाली. वरचा डोलारा जड, बूड हलकं. चौकशी झाली, दोषी कुणीच नाही! सांगता सांगता पाहिलं तर सरांच्या डोळ्यांत पाणी. बायको काउंटरवर बसते, ती नंतर म्हणाली की त्यांना भूल नीट चढली नव्हती. बायकोला इतिहासाचं अंगच नाही.

शुक्रवार, ८ मार्च
तीन अपॉइंटमेंट कॅन्सल. कारण उघड आहे. माझ्या उपचारांनी लोकांचे दात सुधारले.

समोरच्या इमारतीत एक नवीन डेंटिस्ट मॅडम आल्यात. त्यांच्याकडे म्हणे बसायला जागा नसते. बायको म्हणाली, त्यांच्याकडे शांतता असते असं लोक सांगतात. शांतता काय, फिशटँकमध्येही असते.

आज पार्लरवाल्या बाईंच्या दातांचं माप घेतलं. तोंडात लगदा घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, म्हणजे सोन्यासारखा वेळ. रशियनांनी १९४१ मध्ये एका ब्रिटिश पाणबुडीला जिवंत रेनडिअर भेट दिलं, ते सांगितलं. नाही कसं म्हणणार? घेतलं आत. चारा संपल्यावर त्याने नकाशे खाल्ले असं म्हणतात. बाईंनी एक बोट वर करून जोरजोरात हलवलं. म्हणजे आणखी एक सांगा. सांगितली.

बायकोच्या मते त्या बोटाचा अर्थ वेगळा होता.

सोमवार, ११ मार्च, सकाळ
मोठा संकल्प. दवाखान्यात ‘डावं-उजवं’ बंद. आजपासून पोर्ट आणि स्टारबोर्ड. जहाजावर कुणी कुठेही तोंड करून उभा असो, पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, स्टारबोर्ड म्हणजे उजवी. गोंधळाला वावच नाही. सिस्टर म्हणाल्या की सर, आपण तसंही पेशंटचंच डावं-उजवं धरतो. धरतो हो, पण त्यात डौल कुठे आहे?

त्याच दिवशी, संध्याकाळ
किरकोळ अडचण. बसचा ड्रायव्हर आला होता, दुखरी दाढ घेऊन. मी ऐटीत स्टारबोर्ड म्हणालो, सुई दिली, गाल बधिर झाला. मग त्याने अर्ध्या तोंडाने कळवलं की दाढ दुसऱ्या गालात आहे. दुसरी सुई. आता पुरता चेहराच झोपला. मी धीर दिला. १९०४ मध्ये अख्ख्या रशियन आरमाराने इंग्रजांच्या मासेमारी बोटींना जपानी समजून तोफा डागल्या, त्या गडबडीत आपल्याच जहाजांवरही डागल्या. भल्याभल्यांचं होतं! तो काहीच बोलला नाही. बोलण्यासारखी त्याची परिस्थितीच नव्हती.

मंगळवार, १२ मार्च
ड्रायव्हरची बायको येऊन गेली. तिची परिस्थिती बोलण्यासारखी होती.

डावं-उजवं पुन्हा चालू, तात्पुरतं. सिस्टर विचारत होत्या, समोर जागा आहे का. मी म्हटलं, समोरच्या खोलीत? त्या म्हणाल्या, समोरच्या इमारतीत.

रविवार, १७ मार्च
वेटिंग रूममध्ये ‘जहाज-संध्या’ ठेवली. दारावर बोर्ड, वीस खुर्च्या, पाण्याचे ग्लास. बायकोने विचारलं, वीस कशाला? मी म्हटलं, उभं राहणाऱ्यांचं आपण नंतर बघू.

एक जण आला. पण काय श्रोता! दोन्ही हातांत गाल धरून, डोळे मिटून बसला. मी डच जहाजाची गोष्ट काढली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जहाजावर झाडं बांधली, दिवसा बेट होऊन किनाऱ्याशी गुपचूप उभे राहायचे, अंधारात पुढे सरकायचे. जपानी विमानांना पत्ता लागला नाही. श्रोता योग्य जागी कण्हत होता. एवढी तन्मयता मी पाहिलेली नाही.

मध्येच बायको आली, त्याला गोळी आणि पाणी दिलं, हाताला धरून बाहेर नेलं. खिडकीतून पाहिलं तर रस्ता ओलांडून त्याला समोर पोचवत होती. विचारलं तर म्हणाली, तुमचं भाषण चालू होतं, त्याला आजच्या आज डॉक्टर हवा होता. मग जरा वेळाने खुर्च्या आवरताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, असंच चाललं तर दवाखान्याला कुलूप लागेल हो.

घरचा भेदी. पण रात्री जेवण गेलं नाही.

बुधवार, २० मार्च
जेवण जात नव्हतं त्याचं कारण सापडलं. माझीच अक्कलदाढ. सुजली आहे. खलाशी असली दुखणी हसत सोसत. मीही सोसेन.

दुपारी: सोसवत नाही. स्वतःच काढायचं ठरवलं. आरसा लावला, सुई उचलली. आरशात पोर्टचं स्टारबोर्ड होतं. हा मुद्दा आरमाराच्या एकाही पुस्तकात नाही. सिस्टरनी हातातून सुई काढून घेतली.

शुक्रवार, २२ मार्च
समोर जावं लागलं. बायको सोबत.

खुर्चीत आडवा झालो. वातावरण हलकं करावं म्हणून सांगायला घेतलं की जहाजाचा वेग ‘नॉट’मध्ये का मोजतात, पूर्वी गाठी मारलेली दोरी... तेवढ्यात मॅडमनी थुंकी ओढायची नळी तोंडात ठेवली. दोरी तिथेच राहिली.

मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, आता थोडा दाब जाणवेल, घाबरू नका. बाकी काही नाही. पंख्याचा आवाज. माझे हात खुर्चीला घट्ट धरलेले होते, ते आपोआप सैल झाले. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: बरं वाटलं.

दाढ निघाली. टाके पडले. आठवडाभर अजिबात बोलायचं नाही, असं मॅडमनी बजावलं. बायकोने त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

सोमवार, २५ मार्च
मुक्याने काम. आश्चर्य म्हणजे गर्दी. सरांचं रूट कॅनल बघता बघता उरकलं. पार्लरवाल्या बाई दातांचं माप चुकलं होतं म्हणून पुन्हा आल्या आणि लगदा तोंडात असताना चक्क पेंगल्या. एका आजींनी जाताना माझा हात धरला. म्हणाल्या, किती हलका हात आहे हो तुमचा डॉक्टर, इतकी वर्षं लक्षातच आलं नाही. मला उत्तर द्यायचं होतं, देता येईना. त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडून आलो. टाक्यांमुळे असावं.

सिस्टर आता समोरच्या जागेचं नाव काढत नाहीत. बायको काउंटरवर गुणगुणते.

माझा निष्कर्ष: लोकांना उत्सुकता लागून राहिली आहे. मी पुन्हा बोलू लागलो की बांध फुटेल. तयारी चालू.

शुक्रवार, २९ मार्च
आज संध्याकाळी टाके काढायचे. सकाळी बाथरूममध्ये दार लावून नॉटची गोष्ट ओठांनी म्हणून पाहिली. जमतेय.

दवाखान्यात शिरलो तर बायको फोनवर. पाठमोरी होती, तिला मी दिसलो नाही. समोरच्या मॅडमशी बोलत होती. टाके आणखी महिनाभर ठेवले तर काही बिघडेल का, असं विचारत होती. पलीकडून, तसं चालणार नाही, म्हणाल्या असाव्यात, कारण हिने मोठा उसासा टाकला.

मग आवाज अगदी खाली आणून हिने विचारलं, बरं, मग घरच्या घरी करण्यासारखं काही आहे का?