निरोगी म्हणून आणलेली बाटली

३ मार्च, मंगळवार
मशीन बिघडलंय, असं सगळे म्हणतायत. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी बायकांच्या लघवीच्या बाटल्यांत एकीचाच आकडा भलता वर! प्रयोगशाळेतल्या कुणी स्वतःचा नमुना द्यायचा नाही असा नियम, म्हणून जो तो घरातलं कुणीतरी धरून आणतो. मी ताईला धरलं होतं. "एवढी शिकलीस ती यासाठी?" म्हणत तिने बाटली दिली होती.
वर गेलेली बाटली तिचीच. नंबर मीच चिकटवलाय.

६ मार्च, शुक्रवार
पुन्हा मोजलं. तेच.
सर म्हणाले, "व्हिटॅमिन सी घालायला विसरलात का? हवेने नमुना बिघडला असेल." घातलं होतं! मी गॅस बंद करायला विसरते, हे नाही विसरत.
शरीर इस्ट्रोजेन वापरतं, मग तोडून बाहेर टाकतं. बहुतेक तुकडे गरीब. काही मात्र भलत्या वाटेला लागतात, डीएनएला चिकटतात, त्यातलं एखादं अक्षर उपटतात. ते उपटलेलं लघवीतून बाहेर पडतं, आम्ही तेच मोजतो. पेशी ती जागा भरायला जाते आणि कधीतरी चुकीचं भरते. अशा चुका साठल्या की स्तनांचा कॅन्सर होऊ शकतो. होतोच असं नाही. हे 'शकतो' मी इतकी वर्षं लिहितेय, आज पहिल्यांदा टोचलं.

७ मार्च, शनिवार
ताईकडे गेले. आकड्याचं काही सांगितलं नाही. तीच म्हणाली, "तोंड का असं? कोण मेलं?"

१० मार्च, मंगळवार
वरची बाटली ताईची आहे म्हटलं तर सर चिडले. "नंबरावरून माणूस शोधायचा नाही. आणि एका आकड्यावरून निदान होत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं?"
खरंय. पण आई गेल्यावर माझ्या वेण्या ताईने घातल्यात. मला भीती वाटते, बस!

११ मार्च, बुधवार
ताईला सांगून टाकलं. म्हटलं, "तुझ्या पेशींत खरकटं जास्त पडतंय आणि घासणारे हात कमी, एवढंच."
"म्हणजे माझ्या घरासारखंच की!" हसली.
मॅमोग्राफी कर म्हटलं तर, "उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नकोस." बऱ्याच रडारडीनंतर – माझ्याच – तयार झाली. अट एकच: "आधी तू करायची. किती दुखतं ते कळू दे मला."
माझी कशाला! पण म्हटलं, बरं बाई.

१३ मार्च, शुक्रवार
दोघींची झाली. दुखतं! ताईने बाहेर येऊन मला मनसोक्त शिव्या घातल्या.

१७ मार्च, मंगळवार
ताईचं सगळं ठीक! फोनवर ती हसत होती, मीही.
तासाभराने हॉस्पिटलातून मला फोन. उजवीकडे काहीतरी दिसतंय. परत या, सुईने तुकडा काढून तपासू.
इतकी वर्षं जगाच्या बाटल्या मोजल्या. माझी त्यांत कधी नव्हतीच.
ताई चपला घालून दारात उभी आहे. "चल," म्हणते.